वारेची जागा आणि बाळाची बैठक

बाळंतपणाचे शब्द मराठीत दोन घरी नांदतात. काही माजघरात, काही दवाखान्यात. आजी ‘वार’ म्हणते, वैद्यांच्या जुन्या ग्रंथांत तिलाच ‘अपरा’ म्हटले आहे आणि सोनोग्राफीच्या अहवालात ‘प्लॅसेंटा’ असे छापून येते. तिन्ही शब्दांची वस्तू एकच. मात्र अहवाल हाती पडला की घरातील मंडळी त्यातला एकच शब्द शोधतात आणि त्याचा अर्थ आपापल्या परीने लावतात. ‘अँटिरियर’ असेल तर एक चर्चा, ‘पोस्टेरियर’ असेल तर दुसरी. ज्या सुनेच्या पोटाविषयी ही चर्चा चाललेली असते, तिला मात्र वेगळाच प्रश्न पडलेला असतो : वार इथे आहे, तर बाळ नीट वळेल ना?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही.

पूर्ण दिवसांच्या गर्भारपणात वारेचे वजन सुमारे अर्धा किलो भरते. आकार वाटोळा, व्यास वीस-बावीस सेंटिमीटर, जाडी मध्यभागी दोन-अडीच सेंटिमीटर. ‘प्लॅसेंटा’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ चपटी पोळी किंवा केक असा होतो. सोळाव्या शतकात रेआल्दो कोलोम्बो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने या अवयवाला ते नाव दिले. तो सांगली-मिरजेकडचा असता तर त्याने निःसंशय ‘भाकरी’ म्हटले असते, कारण आकाराने आणि जाडीने इतकी जवळची उपमा दुसरी नाही. ही भाकरी गर्भाशयाच्या आतील भिंतीला चिकटलेली असते आणि तिच्यापासून निघालेली, साधारण हातभर लांबीची नाळ बाळाच्या बेंबीपर्यंत जाते. प्राणवायू आणि अन्नरस यांची ने-आण याच मार्गाने होते.

वार कोठे चिकटायची हे फार लवकर ठरते. बीज फळल्यानंतर साधारण आठवड्याभरात तो सूक्ष्म गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो आणि जिथे रुजतो तिथेच पुढे वार तयार होते. पुढच्या भिंतीवर म्हणजे आईच्या पोटाच्या बाजूला रुजला तर ‘अँटिरियर’. मागच्या भिंतीवर, पाठीच्या कण्याकडे रुजला तर ‘पोस्टेरियर’. माथ्यावर रुजला तर ‘फंडल’. कडेला असेल तर ‘लॅटरल’. या चारही जागा निसर्गाने मान्य केलेल्या आहेत. त्यातली एक शुभ आणि दुसरी अशुभ असे काही नाही. आईच्या झोपण्याबसण्याने, खाण्याने किंवा प्रवासाने ती जागा ठरत नाही. ती ठरते तेव्हा बहुतेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नसते. वारेच्या पुढे लिहिलेला ‘ग्रेड’ हा आकडा तिच्या पक्वतेचा असतो, जागेशी त्याचा संबंध नाही.

खालची जागा मात्र वेगळी. गर्भाशयाच्या मुखाजवळ वार असेल तर ‘वार खाली आहे’ असे डॉक्टर सांगतात आणि ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास होणाऱ्या सोनोग्राफीत हे वाक्य बऱ्याच जणींच्या वाट्याला येते. त्यांपैकी दहातील नऊ जणींची वार पुढील तपासणीपर्यंत वर गेलेली दिसते. वार उठून चालत जाते असे नव्हे. फुग्याच्या तोंडाजवळ शाईचा ठिपका काढावा आणि मग फुगा फुगवावा. ठिपका जागेवरच असतो, पण तोंडापासून दूर गेलेला दिसतो. सातव्या महिन्यानंतर गर्भाशयाचा खालचा भाग ताणून लांबतो, तेव्हा हेच घडते. शिवाय वारेची वाढ जिथे रक्तपुरवठा भरपूर तिकडे अधिक होते आणि मुखाकडील कडा, जिथे तो तोकडा असतो, हळूहळू विरत जाते. त्यामुळे पाचव्या महिन्यातील ‘खाली’ या शब्दाने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. ३२ व्या आठवड्याची फेरतपासणी मात्र चुकवू नये, आणि तेव्हाही वार खालीच असेल तर ३६ व्या आठवड्याची. मुखापासून वारेच्या कडेचे अंतर दोन सेंटिमीटरपेक्षा कमी राहिले तर ‘लो लाइंग’ आणि मुखच झाकले गेले तर ‘प्रिव्हिया’ अशी आजची व्याख्या आहे. दिवस भरताना प्रिव्हिया उरते ती साधारण दोनशे बाळंतपणांत एकदा.

आता बाळाकडे वळावे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाचे वर्णन आहे. गर्भ आईच्या पाठीकडे तोंड करून, डोके वर आणि हातपाय आखडून बसलेला असतो आणि प्रसूतीच्या वेळी वायूच्या योगाने उलटा होऊन डोके खाली करतो, असे तिथे म्हटले आहे. युरोपातही कित्येक शतके अशीच समजूत होती. सातव्या महिन्यात बाळ एकदम कोलांटी घेते असे तिथले वैद्य मानत. प्रत्यक्षात बाळ पोटातील पाण्यात महिनोन्‌महिने फिरत असते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण चार-पाच बाळांतील एकाचे डोके वर असते. पूर्ण दिवस भरेपर्यंत हे प्रमाण शंभरात तीन-चारांवर येते. म्हणजे सातव्या महिन्यात ‘बाळ उलटे आहे’ असे ऐकून रडू आलेल्या बहुतेक मातांची बाळे आपणहून सुलटी होतात.

ती का वळतात, याचे उत्तर भिंतींच्या आकारात आहे. भरत आलेले गर्भाशय देठाकडून टांगलेल्या पेरूच्या उलट असते, वर रुंद आणि खाली निमुळते. बाळाच्या बाजूने पाहिले तर डोके टणक आणि वाटोळे असते. ढुंगण आणि मुडपलेले पाय यांचे गाठोडे त्याहून फुगीर आणि सतत हलणारे. मोठ्या गाठोड्याला रुंद जागा आणि वाटोळ्या डोक्याला निमुळती जागा मिळाली की दोघेही सुखाने बसतात. जागेला जागा जुळते, इतकाच त्यातला भाग. म्हणून जागेचा आकार बदलणारी कोणतीही गोष्ट बाळाची बैठक बदलू शकते : गर्भाशयातील गाठ, जन्मतः दुभंगलेले गर्भाशय, पाणी फार जास्त किंवा फार कमी असणे, जुळे, अनेक बाळंतपणांनी सैल झालेले पोट, आणि वार.

वार माथ्याच्या कोपऱ्यात, म्हणजे जिथे गर्भनलिका गर्भाशयाला मिळते त्या बाजूला असेल, तर वरची रुंद जागा तिने अडवलेली असते. मग गाठोडे खाली आणि डोके वर ही बैठक बाळाला अधिक सोयीची पडते. १९५० साली स्टीव्हनसन या अमेरिकन प्रसूतितज्ज्ञाने हा संबंध ठामपणे मांडला. १९७८ साली फियानू आणि वाक्लाविन्कोवा या दोघांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने पायाळू आणि सरळ बाळांच्या वारा पाहिल्या, तेव्हा पायाळू बाळांपैकी बहुसंख्यांची वार याच कोपऱ्यात आढळली आणि सरळ बाळांत ती तिथे क्वचितच दिसली. पण याचा उलटा अर्थ काढू नये. माथ्यावर वार असलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळे डोके खाली घेऊनच जन्मतात. पाऊस पडला की रस्ता ओला होतो. रस्ता ओला दिसला म्हणजे पाऊसच पडला असे नाही. टँकर गळत गेलेला असू शकतो, हे जत-आटपाडीकडच्या वाचकांना सांगायला नको.

पायाळू या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. पायाकडून जन्मलेल्यासाठी एक स्वतंत्र शब्द मराठीने राखून ठेवला आहे आणि त्याच्याभोवती समजुतींचे मोठे जाळे विणले आहे. पायाळू माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली उसण जाते. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातले की जमिनीखालचे धन दिसते. पायाळूने विजा चमकत असताना बाहेर उभे राहू नये, वीज त्याच्याकडे ओढली जाते. आजही गावात उसण भरलेला माणूस शेजारच्या पायाळूचा पत्ता विचारत येतो आणि तो बिचारा हातातले काम टाकून त्याच्या पाठीला पाय लावतो. या समजुतींत खरे काही नाही, पण त्यांच्या मुळाशी एक दुखरी आठवण असावी. दवाखाने नव्हते त्या काळी पायाकडून येऊन जिवंत राहिलेले मूल खरोखरच विरळा होते. धड बाहेर येऊन डोके अडकले की सुईणीच्या हाती फारसे काही उरत नसे. जे वाचले ते काही विशेष शक्ती घेऊन आले असावे, असे लोकांना वाटले तर नवल नाही.

याहून बिकट आडवे मूल. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाचे प्रकार सांगितले आहेत : कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ. परिघ म्हणजे दाराचा अडसर. जो गर्भ दारात अडसरासारखा आडवा पडतो तो परिघ. इतका नेमका शब्द ज्यांनी योजला त्यांनी ती स्थिती डोळ्यांनी पाहिली होती यात शंका नाही. आडव्या मुलाची बाळंतपणे आपोआप पार पडत नाहीत. कळा सुरू झाल्या तर नाळ आधी बाहेर येते, हात येतो, गर्भाशय फाटते. आणि आडव्या बैठकीचे एक मुख्य कारण म्हणजे खाली असलेली वार. निमुळती जागा वारेने व्यापली, की डोके तिथे टेकूच शकत नाही. ते एका कुशीकडे सरकते आणि बाळ तिरके किंवा आडवे राहते. म्हणूनच शेवटच्या महिन्यात बाळाचे डोके वर-वरच तरंगत असेल किंवा ते दर तपासणीला वेगळ्या ठिकाणी सापडत असेल, तर जाणता डॉक्टर प्रथम वार कोठे आहे हे पाहतो.

या विषयाशी मराठी माणसाचे एक जुने नाते आहे. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून डॉ. आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्यानंतर आठच वर्षांनी, १८९४ साली, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले आणि दक्षिण महाराष्ट्रातील रुग्ण रेल्वेने तिकडे येऊ लागले. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, पुढे कऱ्हाडलाही वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अडलेल्या बाळंतिणीसाठी शस्त्रक्रियेची सोय नाही असे म्हणता येणार नाही. अडचण असते ती वेळेवर पोहोचण्याची, आणि पोहोचल्यावर हातात कागद असण्याची.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत दोन्ही जिल्ह्यांत अजून टिकून आहे आणि ती चांगली आहे. लेकीला आईजवळ जी विश्रांती मिळते ती अन्यत्र मिळत नाही. पण या रितीत एक धोक्याची फट आहे. साताऱ्याच्या सासरी नाव नोंदवलेले असते, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी तिथेच झालेली असते, ओटीभरण झाले की मुलगी सांगलीच्या माहेरी येते. साड्या येतात, डोहाळजेवणाचे फोटो येतात, सुका मेवा येतो. फाइल सासरच्या कपाटात राहते. आणि एखाद्या पहाटे अंगावरून लालभडक रक्त जाऊ लागते. पोटात कळ नाही, दुखणे नाही, नुसते रक्त. खाली असलेल्या वारेचे हेच ओळखचिन्ह आहे. अशा स्त्रीची आतून बोटाने तपासणी करणे जिवावर बेतू शकते, कारण बोट थेट वारेला लागून रक्ताचा लोट सुरू होतो. अहवाल समोर असेल तर दवाखान्यातील पहिल्याच माणसाला हे कळते. नसेल तर आधी सोनोग्राफी, मग पुढचे सारे. आणि ती मिनिटे मोलाची असतात.

तेव्हा फाइल बॅगेत सर्वांत वर ठेवावी. शक्य तर प्रत्येक अहवालाचे छायाचित्र नवरा, आई आणि स्वतः अशा तिघांच्या मोबाइलमध्ये असावे. वार खाली असल्याचे सांगितले असेल तर माहेरी कधी जायचे, कसे जायचे आणि तिथे कोणत्या रुग्णालयात नाव घालायचे, हे मुहूर्त पाहण्याआधी डॉक्टरांना विचारावे. नव्या रुग्णालयात रक्त मिळण्याची आणि रात्री भूलतज्ज्ञ येण्याची सोय आहे काय, हाही प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. कोयनेच्या जलाशयाकाठच्या किंवा जावळी-पाटणच्या डोंगरांतील वाड्यांवर राहणाऱ्या स्त्रीने, प्रिव्हिया ठरली असेल तर, शेवटचे आठवडे मोठ्या रुग्णालयाजवळच्या नातलगाकडे काढावेत हे उत्तम. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची तज्ज्ञांकडून विनामूल्य तपासणी होते, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही घरातील पुरुषांनाही पाठ असावेत.

आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीसाठी पुढच्या भिंतीवरची, आणि त्यातही खालची, वार हा वेगळाच विषय होतो. जुन्या टाक्यांच्या व्रणावर वार रुजली तर ती भिंतीत खोल मुळे धरू शकते आणि बाळंतपणानंतर सुटत नाही. प्रिव्हिया असताना हा धोका, आधी सिझेरियन झालेले नसेल तर शंभरात तिघींना, एक झाले असेल तर अकरा जणींना आणि दोन झाली असतील तर चाळीस जणींना असतो, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात आढळले. पहिले सिझेरियन मुहूर्त साधण्यासाठी करवून घेणाऱ्या कुटुंबांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत.

पुढच्या भिंतीवर पण वर असलेली वार मात्र निरुपद्रवी. तिचा एक परिणाम बहुतेकींना जाणवतो : बाळाचे हलणे उशिरा आणि मंद कळते, कारण बाळाची लाथ आणि आईचे पोट यांमध्ये जणू एक उशी असते. पहिलटकरणीला वीस आठवडे उलटून गेले तरी स्पष्ट काही जाणवत नाही आणि ती घाबरते. श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्रात त्रिशलामातेची कथा आहे. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल राहिले, तेव्हा गर्भाला काही झाले की काय या शंकेने माता शोकाकुल झाली. ते जाणून त्यांनी किंचित हालचाल केली आणि राजवाड्यात आनंद परतला. बाळाची हालचाल हीच मातेची खूण आहे, हे त्या कथाकाराने किती अचूक ओळखले होते! ही खूण वारेच्या नावावर खपवून टाकू नये. एकदा हालचाल नियमित कळू लागली आणि नंतर, विशेषतः सातव्या महिन्यानंतर, ती कमी झाली तर ‘वार पुढे आहे म्हणून कळत नसेल’ असे म्हणत रात्र काढू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पुढची वार आणि बाळाचे तोंड यांच्या संबंधाविषयी बरेच बोलले जाते. डोके खाली असूनही बाळाची पाठ आईच्या पाठीला लागलेली, म्हणजे तोंड वर पोटाकडे, अशी बैठक असेल तर कळा कमरेतून येतात आणि बाळंतपण लांबते. १९९४ साली फिनलंडच्या गार्डबर्ग आणि टुप्पुराइनेन यांनी दाखवले की पुढच्या भिंतीवर वार असणाऱ्यांत दिवस भरत आल्यावर ही बैठक काहीशी अधिक आढळते. मात्र यातली बहुतेक बाळे कळा चालू असताना फिरतात. जन्माच्या वेळीही तशीच राहणारी शंभरात पाचेक.

ती फिरावीत म्हणून घरोघरी एक उपाय सांगितला जातो : नवव्या महिन्यात ओणवे होऊन फरशी पुसावी. पूर्वी जाते होते, आता फरशी आहे. २००४ साली ऑस्ट्रेलियात अडीच हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांवर याची रीतसर परीक्षा झाली. निम्म्या जणींना ३७ व्या आठवड्यापासून रोज दोनदा दहा मिनिटे हातागुडघ्यांवर राहायला सांगितले, उरलेल्यांना नाही. जन्माच्या वेळी बाळाच्या बैठकीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. ओणवे राहून पाठीला बरे वाटत असेल तर अवश्य राहावे; सुनेकडून फरशी पुसून घेण्यासाठी शास्त्राचा आधार मात्र शोधू नये.

पोट चोळून मूल फिरवण्याचा प्रकार याहून गंभीर. हाताला गुण असलेल्या बाया असतात आणि त्यांच्याविषयी गावात आदर असतो. पण वार कोठे आहे हे त्यांच्या हाताला कळत नाही आणि दाबामुळे वार भिंतीपासून सुटली तर बाळ काही मिनिटांत गुदमरते. दवाखान्यातही बाहेरून मूल फिरवतात, परंतु ते ३६-३७ आठवड्यांनंतर, सोनोग्राफीने वारेची जागा पाहून, बाळाचे ठोके मोजत आणि शस्त्रक्रियागृह हाताशी ठेवून. आईचा रक्तगट ऱ्हीसस निगेटिव्ह असेल तर नंतर इंजेक्शन द्यावे लागते. साधारण निम्म्या प्रयत्नांत यश येते. वार मागच्या भिंतीवर असेल तर थोडे अधिक, पुढे असेल तर कमी. प्रिव्हियात हा प्रयत्न करीतच नाहीत. बाळ तरीही पायाळूच राहिले तर पुढे काय, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. २००० साली अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीनंतर बहुतेक ठिकाणी सिझेरियनचाच सल्ला दिला जातो.

आपल्या घरांतील आणखी एक गोष्ट. चातुर्मासात अनेक घरी पालेभाज्या वर्ज्य असतात आणि सूर्यास्तानंतर पाणीही घेतले जात नाही. वार खाली असलेल्या स्त्रीला रक्तस्रावाची शक्यता असते. तिच्या अंगात रक्ताची शिल्लक असणे हाच तिचा खरा विमा. लोहाची गोळी दिवसा, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको. कडधान्ये, नाचणी यांना चातुर्मासातही मनाई नाही. उपवासांचा प्रश्न आलाच, तर अशा स्त्रीने बळ टिकेल तेवढेच तप करावे, असे जाणते साधू-साध्वीही सांगतात.

अहवालातील त्या एका शब्दाकडे शेवटी यावेच लागते. वार पुढे म्हणजे मुलगी, मागे म्हणजे मुलगा. किंवा उजवीकडे मुलगा, डावीकडे मुलगी, अशी गणिते दोन्ही जिल्ह्यांत कुजबुजत्या आवाजात मांडली जातात आणि आता मोबाइलवरूनही फिरतात. ती साफ खोटी आहेत. मुलगा की मुलगी हे बीज फळते त्याच क्षणी ठरते आणि गर्भ भिंतीला रुजतो तो त्यानंतर आठवड्याने. कोणती भिंत मिळेल याचा आधीच्या निकालाशी संबंध नाही. तरीही हे गणित निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून देता येत नाही, आणि इथे सातारा-सांगलीची नावे मोठ्याने घ्यावी लागतात. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील एक हजार मुलग्यांमागे सांगली जिल्ह्यात ८५१ मुली होत्या, साताऱ्यात ८७८. महाराष्ट्राचा आकडा ९१३ होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा करणारे राज्य महाराष्ट्र, तेही १९८८ सालीच. केंद्राचा कायदा १९९४ चा. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एक समारंभ झाला. ज्यांची नावे जन्मतःच ‘नकुशी’ म्हणजे नको असलेली अशी ठेवली गेली होती, त्या २८५ मुलींनी त्या दिवशी नवी नावे घेतली. साताऱ्याच्याच ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांचे ‘लेक लाडकी अभियान’ यांनी सोनोग्राफीचा गैरवापर उघड करण्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. २०२५ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

त्या पार्श्वभूमीवर पाहिले तर ‘अँटिरियर आले आहे म्हणे’ या वाक्यानंतर घरात पसरणारी शांतता त्या सुनेला काय सांगत असेल, याची कल्पना करता येते. शेवटच्या तीन महिन्यांत जिला पोटभर जेवण, झोप आणि धीर हवा, तिच्या ताटातले तूप एका गैरसमजापायी कमी होते. डॉक्टरांनी वारेची जागा लिहिलेली असते ती बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून. तो शब्द वाचून घरच्यांनी विचारण्यासारखे प्रश्न दोनच : वार मुखापासून किती दूर आहे, आणि पुढची तपासणी कधी?

बाळ जन्मल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत वार पडते. पूर्वी ती मडक्यात घालून परसात पुरत आणि सुईण त्याचे मानाचे लुगडे घेऊन जाई. आता ती ट्रेमध्ये ठेवून उलटसुलट तपासतात : एखादा तुकडा आत राहिला नाही ना, नाळेत रक्तवाहिन्या तीन आहेत ना. बाळ ज्या पडद्याच्या पिशवीतून बाहेर आले, तिला पडलेले भोक वारेच्या कडेपासून किती दूर आहे हेही काही जुन्या हाताच्या परिचारिका पाहतात. ते अंतर सात सेंटिमीटरांहून कमी असेल तर वार खाली होती, असे त्या सोनोग्राफीचा अहवाल न पाहताच सांगतात. मग नोंद होते आणि वार पिवळ्या पिशवीत जाते.